चिंचोक्याची खळ

मेंढी मेली ती आप्पासोच्या हातची खळ पिऊन. यात कुणी काही शोधून काढायचं राहिलं नव्हतं. बादली तिच्यापुढं सरकवली आप्पासोनं, मान थोपटली आप्पासोनं, आणि "पी गं बाई, आज दाट हाय," असं वर म्हणालाही आप्पासोच.

तसं म्हसवडच्या सनगर गल्लीत, घोंगडी विणणाऱ्यांच्या त्या वस्तीत, यात नवल काहीच नव्हतं. घोंगड्याचा ताणा गल्लीत लांबच लांब पसरायचा, धागा ताठ व्हावा म्हणून कुंच्यानं त्याला चिंचोक्याची खळ चोपडायची, आणि बादलीच्या बुडाशी उरली की ती दारातल्या जनावरापुढं ठेवायची, हा रिवाज आप्पासोच्या आज्यापासून चालत आलेला. चिंचोका काही वाईट नव्हे. दुष्काळात माणसांनीही तो भाजून खाल्लेला. खळ पिऊन शेरडं-मेंढरं कशी तुकतुकीत दिसायची. पण त्या दिवशीची खळ निळसर होती. आप्पासोनं ते पाहिलंही होतं. पाहून तो मनाशी म्हणाला, रंग झकास आलाय.

खळ निळसर होती, कारण तिच्यात मोरचूद होतं. ते सांगलीच्या कॉलेजातल्या प्रोफेसर तासगावकरांनी दिलं होतं, खळीला बुरशी धरू नये म्हणून. देताना त्यांनी चांगलं बजावलं होतं, "हे पोटात जाता कामा नये. हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवायचं नाही." आप्पासोनं घरी येऊन बायकोला बजावलं, मागावरच्या गड्यांना बजावलं, शेजारच्या पोरांना तर काठी दाखवून बजावलं. मेंढीला बजावायचं राहिलं.

मेंढीचं नाव भुरी. ती राहीबाईची. राहीबाईची पोरं दिवाळी झाली की कळप घेऊन खाली मुलखात उतरायची ती पाऊस तोंडावर आला की परतायची. भुरी एका पायानं लंगडी, तिला ती वाट झेपत नव्हती. म्हातारी आणि लंगडी, दोघी गावात मागं राहायच्या. राहीबाईचं खोपट गावाबाहेर, तिथं लांडग्याचं भय, म्हणून भुरी आप्पासोच्या दारातल्या लिंबाला बांधलेली असायची. म्हणजे विश्वासानं ठेवलेली.

सकाळी राहीबाई आली तेव्हा भुरी आडवी पडली होती. म्हातारी खाली बसली, तिनं भुरीच्या तोंडाचा फेस पदरानं पुसला.

"काय घातलंस रं आप्पा?"

"खळ."

"रोजचीच?"

आप्पासो भुरीपुढची बादली उचलून बाजूला ठेवू लागला. भामाबाईनं, त्याच्या बायकोनं, आतून सांगून टाकलं, "मास्तराचं औषध व्हतं तिच्यात, मावशी."

"औषध?" राहीबाई म्हणाली. "तिला काय झालं व्हतं औषध द्यायला?"

आप्पासोला गल्लीत वकील म्हणत, हरेक गोष्टीवर तोड काढायचा म्हणून. तो म्हणाला, "मावशी, पोरं आली म्हंजी कळपातली चांगली बगून दुसरी मेंढी घिऊन देतो तुला."

"दुसरी ती दुसरी." राहीबाईनं भुरीचा कान हातात धरला होता. "हिची लोकर तुझ्याकडंच हाय न्हवं?"

लोकर होती. भुरी नुकतीच कातरली होती. राहीबाईनं स्वतःच सूत काढून त्याचे गुंडे आप्पासोकडे आणून टाकले होते.

"तिचं घोंगडं करून दे. पुढल्या थंडीच्या आत. रातीचं लय गार पडतं रं खोपटात. दिवसा हिची सोबत व्हती, आता तीबी न्हाई."

"बस, येवढंच?"

"येवढंच."

स्वस्तात सुटलो, असं आप्पासोला वाटलं. माणसाला कधी काय वाटेल याचा नेम नसतो.

*

आता एका सनगराची आणि एका प्रोफेसराची गाठ पडलीच कशी, ते सांगायला हवं. तेव्हा लढाई चालू होती. आप्पासोच्या घरात चार माग. एकावर तो स्वतः, बाकीच्यांवर गल्लीतले गडी. घोंगडी जायची ती मेंढपाळांना, शेतकऱ्यांना, गावच्या नाथबाबाच्या यात्रेत. बरं चाललं होतं. त्यात एक दिवस सातारचे लालासाहेब आले. हे पहिल्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले, जमादार होऊन घरी बसलेले, आणि दुसरी लढाई लागताच ठेकेदार होऊन उठलेले. बोलण्यात निम्मी मराठी, उरलेली पलटणीतली. फौजेला घोंगडी हवीत म्हणाले. आप्पासोनं मागचा पुढचा विचार न करता चारही माग फौजेला जुंपले.

पहिला माल गेला, आणि पावसाळा सरता सरता तसाच्या तसा परत आला.

"आप्पा, समदा माल रिजेक्ट," लालासाहेब ओट्यावर बसत म्हणाले.

"म्हंजी?"

"म्हंजी तुझी घोंगडी तुलाच लखलाभ."

"आवं पर लोकरीत काय खोट काढली?"

"लोकर एकदम फसकिलास. खळ बेकार. गोदामात माल म्हैनाभर दाबून ठिवला, त्यात पावसाची हवा. साऱ्या मालाला बुरशी आली, वर कसरीच्या किड्यांनी धागं खाल्लं. सायबानं एक घोंगडं नाकाला लावलं, तवापास्नं त्यो मला बगितलं तरी नाक धरतोय गड्या."

"आमचं नाक शाबूत हाय की! आमाला न्हाई वास येत."

"तुझं नाक फौजंत भरती न्हाई." लालासाहेबांनी तंबाखू मळली. "खळीचं कायतरी बग. न्हाईतर गिरणीचं कंबल हाय, सरकारचं त्येवर भागंल. मग तुझ्या मागावर कोंबड्या बसव."

हे त्यांनी हसत सांगितलं, पण खरं होतं. परत आलेली घोंगडी आप्पासोच्या पडवीत आढ्याला टेकली होती. गडी मजुरीसाठी दारात येऊन उगीच हवापाण्याचं बोलत होते. त्यातला एक तर सोलापूरच्या गिरणीत जायची भाषा करत होता. खळ सुधारली तर माग राहणार, नाही तर मागांचे चारही खड्डे बुजवून टाकायचे, इतका सरळ मामला होता.

लालासाहेबांनीच मग वाट दाखवली. "सांगलीच्या कालेजात एक मास्तर हाय. तासगावकर. खळीचाच आभ्यास करतोय म्हणं."

"खळीचा आभ्यास?" भामाबाई दारातून म्हणाली. "म्हंजी आमी आजवर नापासच का?"

खळीचं मडकं फडक्यानं बांधून आप्पासो सर्व्हिस मोटारीत बसला. पेट्रोल लढाईवर गेलेलं, मोटार कोळशाच्या धुरावर चालायची, म्हणजे चढ आला की उतारूंच्या खांद्यावर चालायची. विट्याच्या अलीकडं सगळे उतरून ढकलत होते, तेव्हा उन्हानं फुगलेल्या खळीनं आत मडक्याचं फडकं उडवलं. सांगलीपर्यंत आप्पासोच्या दोन्ही बाजूंच्या जागा मोकळ्या राहिल्या. पाय पसरून एवढा ऐसपैस प्रवास त्यानं जन्मात केला नव्हता.

प्रोफेसर तासगावकर लहानखुरे होते. कोटाला तेजाबानं पडलेली बारीक बारीक भोकं होती. त्यांनी आप्पासोला खुर्चीवर बसवलं, मडक्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. नासलेली खळ पाहून एवढा आनंद झालेला माणूस आप्पासोनं तोवर पाहिला नव्हता.

"गिरण्यांना सुताला लावायला पीठ मिळेनासं झालंय," ते सांगू लागले. "मक्याचं, तांदळाचं, सगळं रेशनवर. माणसांना खायला नाही तर सुताला कुठून देणार? म्हणून मी चिंचोक्याच्या मागे लागलोय. तुम्हाला न कुजणारी खळ हवी, मला चिंचोक्याची सगळी कुंडली हवी. तुमच्या मागावर मला पाहू द्या, मी इथं तपासतो. काम एकच आहे."

"मग झालं तर."

"आणि जमलं, तर ते गिरण्यांना द्यायचंय. हे आधीच सांगून ठेवतो."

"द्या की! चिंचोक्याला काय तोटा? आमच्याकडं पोरं खेळून फेकून देत्यात."

हे वाक्य आप्पासोचं. कुणी त्याच्या तोंडात घातलं नव्हतं.

*

भुरी मेल्यावर आप्पासो तिसऱ्या दिवशी भांडायला म्हणून सांगलीला गेला. वाटेत सगळं भाषण पाठ केलं. पण ऐकता ऐकता प्रोफेसर असे खाली बसले, की त्याला अर्धं भाषण गिळावं लागलं. मोरचुदाची बाटली त्यांनी कपाटात मागं सरकवून ठेवली. "हे बंद," म्हणाले. मग पुढच्याच आठवड्यात तराजू, थर्मामीटर आणि गुंडाळलेलं अंथरूण घेऊन ते म्हसवडला येऊन धर्मशाळेत उतरले.

राहीबाई त्यांना बघायला आली. कमरेवर हात ठेवून तिनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ह्योच का त्यो?"

प्रोफेसरांनी हात जोडले. "बाई, चूक माझी. माणसांबद्दल बोललो, जनावराचं माझ्या ध्यानातच आलं नाही."

"तुमी काय कराल?" म्हातारी म्हणाली. "ती तुमच्या कालेजात शिकली न्हवती."

एवढं बोलून ती गेली. प्रोफेसर त्या दिवशी जेवले नाहीत. भामाबाईला ते आवडलं नाही. पाहुण्यानं उपाशी राहावं असं काही भुरीनं सांगितलं नव्हतं, असं तिचं म्हणणं.

काम मात्र दोघांनी जिवावर उदार होऊन केलं. खळ शिजवून ठेवली की नासते. मग शिजवायची कशाला? कोरडंच ठेवावं. चिंचोका भाजायचा, टरफल काढायचं, दळून वस्त्रगाळ पीठ करायचं आणि लागेल तेव्हा लागेल तेवढंच पाण्यात उकळायचं. सांगायला सोपं. पण भाजणी कमी पडली की टरफल सुटत नव्हतं आणि जास्त झाली की पिठाला चिकटपणा राहत नव्हता. पहिला घाणा प्रोफेसरांनी जाळला. आप्पासो त्यांना हसला आणि दुसरा त्यानं जाळला. मग भामाबाईच्या सांगण्यावरून चिंचोके गरम वाळूत भाजून पाहिले, प्रोफेसरांनी वाळूत थर्मामीटर खुपसलं, ते फुटलं, दुसरं सांगलीहून आणलं. विणून झालेलं घोंगडं धुऊन जादा खळ काढून टाकायची, कडक उन्हात वाळवायचं, हेही ठरलं. गल्ली दोन बाजूंनी गोळा होऊन तमाशा बघत होती. "काय आप्पा, चिंचोक्याचं लग्न कवा?" असं कुणीतरी रोज विचारायचं.

नव्या खळीतली घोंगडी लालासाहेबांनी पुढच्या पावसाळ्यात गोदामात दाबून ठेवली. बुरशी आली नाही. साहेबाचं नाक जागेवर राहिलं.

*

मग ते एक वर्ष आलं. सुखाचं म्हणायचं ते तेवढंच. चारही माग दिवस उजाडल्यापासून खडखडत होते. गिरणीत जायची भाषा करणारा गडी तीच भाषा विसरून गेला. भामाबाईनं नवं जातं घेतलं, खास चिंचोक्याचं. आप्पासो तर गल्लीत चालायचा तो असा, की जणू त्यालाच कॉलेजात नेमलंय. "आमी आन् तासगावकर मास्तर," अशी त्याची वाक्यं सुरू व्हायची. वकील गेला आणि गल्लीत आता त्याला प्रोफेसर म्हणू लागले, तोंडावर.

राहीबाई थंडीच्या तोंडावर आली.

"आप्पा, घोंगडं?"

"मावशी, फौजेचं काम हाय बग. आगुदर सरकारचं, मग तुझंच."

"सरकारला थंडी वाजती व्हय रं?"

मागावरचे गडी हसले. आप्पासोही हसला. भुरीच्या सुताचे गुंडे पाटीत घालून आढ्याला टांगलेले होते, त्यांच्याकडं त्यानं बोट केलं. "ते बग. कुटं जातंय?"

राहीबाईनं मान वर करून पाटीकडं पाहिलं आणि पोतं अंगावर घेऊन ती थंडी काढली.

चैत्रात चिंच उतरली. दरवर्षी या दिवसांत घराघरांतल्या बाया चिंच फोडून झाली की चिंचोके पाटी-पाटीनं आप्पासोच्या पडवीत आणून ओतायच्या. बदल्यात कुणाला झाडून काढलेल्या लोकरीचं बसायला बसकुर, कुणाच्या पोराला टोपडं. यंदा पडवी रिकामी राहिली. आप्पासोनं दोन दिवस वाट पाहिली, मग पलीकडच्या आळीत जाऊन विचारलं.

"चिंचोकं? ती कवाच गेली," धोंडुबाई नावाची एक बाई उंबऱ्यात चिंच फोडत होती, ती म्हणाली. "लालासायबाची लॉरी आली व्हती न्हवं. रोख देतोय. तुझं बसकुर घिऊन काय तेल-मीठ येतंय का?"

आप्पासोला तिच्यावर रागावताही येईना. हिशेब तिचा बरोबर होता.

तो तडक गाडी जुंपून लालासाहेबांना गाठायला दहिवडीला गेला. तिथं त्यांनी गोदाम घेतलं होतं. गोदामात चिंचोक्यांची रास, तीवर उभी राहून माणसं फावड्यानं पोती भरत होती. आप्पासोनं आयुष्यात एवढे चिंचोके एका जागी पाहिले नव्हते.

"ये गड्या, ये!" लालासाहेबांनी मिठीच मारली. "तुझी आन् मास्तराची किमया ही समदी. गिरणीवालं पिठावर तुटून पडलंत. माणच्या, खटावच्या, जतच्या चिंचा झाडावर आस्तानाच बोलून ठिवल्यात मी."

"जमादार, आमी खळ कशाची करायची?"

हे लालासाहेबांच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि ते लबाडी करत नव्हते. "व्हय की रं," ते म्हणाले. "तुला लागत्याल न्हवं!" त्यांनी लगेच एक पोतं आप्पासोच्या गाडीत टाकायला लावलं. वर एक छदामही मोबदला घेतला नाही. "तू काय परका हायस?"

पोतं घरी आलं. भामाबाई म्हणाली, "आता पयलं राहीमावशीचं."

"व्हय, पयलं तिचंच," आप्पासो म्हणाला. पण फौजेचा माल अर्धा मागावर होता, गडी बसून होते, आणि बसलेल्या गड्याचं पोट उभंच असतं. पोतं फौजेच्या मालात गेलं. एकाच पोत्याचं काय ते. दुसरं आणू, असं तो म्हणाला.

दुसरं आणायला त्याचं तोंड झालं नाही. फुकट आणलं ते एकदा आणलं, आणि विकत घ्यायला गिरणीचा भाव परवडेना. ज्वारीच्या पिठाची पेज ताण्याला लावून पाहिली, तर उंदरांनी एका रात्रीत ताणा कुरतडला; आणि माणसांच्या तोंडची ज्वारी उंदरांना चारल्याबद्दल भामाबाईनं जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात लढाईही संपली. फौजेला थंडी वाजायची बंद झाली. पहिला माग बंद पडला, मग दुसरा. सोलापूरची भाषा करणारा गडी या वेळी भाषा न करताच गेला. तिसऱ्या मागाच्या खड्ड्यात भामाबाईनं लाकडं रचून ठेवली.

लालासाहेबही मग सांगलीकडं कारखान्यात भागीदार होऊन गेले. आता चिंचोका न्यायला त्यांची माणसं यायची. ती आप्पासोला ओळखत नव्हती.

*

सत्तेचाळीस सालच्या पावसाळ्यानंतर आप्पासो पुन्हा सांगलीला गेला. मोटार आता पेट्रोलवर धावत होती, पण गर्दीत त्याला उभं राहावं लागलं. प्रोफेसर तासगावकरांचे केस पार पिकले होते. त्यांनी त्याला ओळखलं, उठून उभे राहिले, चहा मागवला.

आप्पासोनं भांडण काढलं नाही. फक्त सांगितलं, कसं कसं झालं ते. प्रोफेसर ऐकत राहिले.

"तुम्ही म्हणाला होता, चिंचोक्याला काय तोटा," शेवटी ते हळूच म्हणाले.

"म्हणालो व्हतो."

"मलाही तसंच वाटलं होतं."

मग प्रोफेसरांनी एक छापील इंग्रजी चोपडी काढली, पान उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं. "इथं तुमच्या गावाचं नाव आहे. म्हसवडच्या विणकरांच्या मदतीनं, असं लिहिलंय."

आप्पासो त्या ओळीकडं बघत राहिला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण बघायला काय लागतं?

"आन् भुरीचं?"

भुरीचं नव्हतं.

निघताना प्रोफेसरांनी कपाटातून एक पत्र्याचा डबा काढून दिला. चिंचोक्याचं पीठ, कारखान्यातलं, वस्त्रगाळ. "एका घोंगड्याला पुरेल," म्हणाले. "त्या बाईंचं करून द्या. माझंही देणं आहे ते."

डबा मांडीवर ठेवून आप्पासो परत आला. येताच त्यानं आढ्याची पाटी खाली काढली, ताण्याचं सूत मोजायला घेतलं, राहीबाईला बोलावणं धाडलं. बऱ्याच दिवसांनी तो गुणगुणत होता. म्हातारी काठी टेकत आली. तिला आता नीट दिसत नव्हतं. तिनं डबा हातात घेतला, हलवला.

"ह्ये कुठनं आणलंस?"

"सांगलीस्नं. मास्तरांनी दिलं, खास तुज्यासाटी."

राहीबाईनं डबा खाली ठेवला, चटका बसल्यासारखा. "त्येच्या डब्यातलं भुरीच्या लोकरीला लावायचं न्हाई."

"मावशी, त्यात मोरचूद न्हाई. निसता चिंचोका हाय. माझ्याच हिकमतीचा!"

"त्या दिवशीबी तू 'खळ' म्हणालास." ती भांडत नव्हती. "त्येंचा राग न्हाई मला. चांगलं हायती बिचारं. पर न्हाई लावायचं."

म्हातारी गेल्यावर भामाबाईनं डब्याचं झाकण उघडलं, पीठ चिमटीत घेऊन पाहिलं. "आवं, तिला कुटं दिसतंय आता? लावा गुपचूप. थंडीत मरंल न्हाईतर."

"तिला कळणार न्हाई."

"मग?"

आप्पासो पाटीतल्या गुंड्यांकडं बघत होता.

"मेलेल्या मेंढीला काय कळतंय व्हय?" भामाबाई चिडून म्हणाली.

"जित्तीला कळलं न्हाई, तितंच घोळ झाला," आप्पासो म्हणाला, आणि त्यानं झाकण लावून डबा फळीवर ठेवला.

तोवर कार्तिक लागला होता. चिंचेचा हंगाम केव्हाच सरलेला, गावात अख्खा चिंचोका औषधाला मिळेना. पोरं खेळात चिंचोक्यांऐवजी खडे वापरत होती. तेव्हा राहीबाईनं स्वतःच उद्योग सुरू केला. ती घरोघर जाऊन चुलीपाशी बसायची. "आमटीला चिंच भिजिवली की चिंचोका बाजूला ठिवा गं," म्हणायची. बाया ठेवायच्या, म्हातारीला नाही कोण म्हणणार? ते चिंचोके पदराच्या गाठीत बांधून ती आप्पासोच्या ओट्यावर येऊन बसायची आणि गाठ सोडायची. कधी मूठभर, कधी तेवढेही नाहीत. आप्पासोनं त्यांच्यासाठी एक मडकं ठेवलं होतं. त्यात तो ते टाकायचा.

आजही ती आली. नाथबाबाचा रथ नुकताच होऊन गेलेला, गल्लीत अजून गुलाल सांडलेला होता. अंगावर तेच पोतं, आता कडेनं विरलेलं.

"सोराज आलं म्हणं रं आप्पा."

"व्हय, आलं की मावशी."

"मग माजं घोंगडं कवा येतंय?"

"व्हईल."

तिनं गाठ सोडली. आप्पासोनं चिंचोके मडक्यात टाकले, ते मडक्याच्या पोटाशीही पोचले नव्हते. मग पाटी उन्हात काढून त्यानं गुंडे एकेक करून झटकले. गेल्या पंधरवड्यात त्यानं त्यांच्यात लिंबाचा पाला घातला होता, तरी दोन गुंड्यांना कसर लागलीच होती. धागा हातात येताच तुटत होता. राहीबाई तोंड त्याच्या बाजूला करून बसली होती. तिला दिसत नव्हतं, ते बरं होतं.

"काय करतुयास रं?"

"काय न्हाई. ऊन देतोय."

"दे," ती म्हणाली. "तिला ऊन लय आवडायचं."

आप्पासोनं तुटके धागे मुठीत धरून ठेवले. गुंडे तसेच पाटीत रचले, वर नवा पाला पसरला, आणि पाटी पुन्हा आढ्याला टांगली.